वॉरंट सरहद्द ओलांडते. वकिलाने का ओलांडू नये?

ज्या राज्यसंस्थेला माणूस पकडण्यासाठी पैसा सापडतो, तिला त्याच माणसाला आपली बाजू मांडू देण्यासाठीही पैसा सापडला पाहिजे. पकडणारा हात आणि बोलणारे तोंड या दोहोंवर होणारा खर्च समतोल नसेल, तर त्या व्यवस्थेला कायद्याचे राज्य म्हणता येत नाही. ती ‘बळी तो कान पिळी’ या जुन्या न्यायाची सुधारलेली आवृत्ती होय.

हे तत्त्व आम्हांस कोणा परकीय पंडिताने शिकविलेले नाही. १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत पूज्य बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले. त्याचा क्रमांक तेव्हा १५-अ असा होता. आज ते भारतीय संविधानाचा अनुच्छेद २२ म्हणून ओळखले जाते. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते कलम सांगते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद त्यात आहे आणि त्यावर वाद घालण्यास जागाही आहे. परंतु बाबासाहेबांनी अटक आणि वकील हे दोन शब्द एकाच कलमात शेजारी शेजारी बसविले, ही गोष्ट विसरता येणार नाही. सरकारच्या अधिकाराचा उच्चार होताच माणसाच्या हक्काचाही उच्चार झाला पाहिजे, हा त्याचा अर्थ आहे.

आज आम्ही याच मापाने युरोपीय संघाच्या एका खर्चाची तपासणी करणार आहोत. अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन, सार्वजनिक तिजोरीतून, न्यायालयांच्या परस्पर सहकार्यासाठी आणि न्यायाधीश-वकिलांच्या शिक्षणासाठी निधी उभारावा, हा जगाच्या इतिहासातील मोठा प्रयोग आहे. तो स्तुत्य आहे. परंतु स्तुत्य गोष्टीचाही हिशेब मागितला पाहिजे.

“युरोपातील न्यायालयांशी आपला संबंध काय?” असे कोणी विचारील. संबंध आहे. हंगेरीच्या उत्तरेस साजोकाझा नावाचे गाव आहे. तेथील रोमा समाजातील काही मंडळींनी २००७ साली बाबासाहेबांच्या नावाची शाळा काढली आणि आपल्या संस्थेला ‘जयभीम’ हे नाव दिले. रोमा लोकांच्या पूर्वजांनी शतकांपूर्वी भारतातून स्थलांतर केले. ज्या मुलखात ते गेले, तेथे गावाबाहेरची वस्ती, वेगळी शाळा आणि पोलिसांचा संशय हेच त्यांच्या वाट्याला आले. ज्यांनी आपल्याप्रमाणेच बाबासाहेबांचे नाव घेतले, त्यांच्यावर उद्या परदेशाचे वॉरंट निघाले तर त्यांच्या बाजूने कोण उभा राहील, हा प्रश्न आपल्याला परका कसा वाटेल?

आता या व्यवस्थेचा पाया पाहू. ऑक्टोबर १९९९ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे युरोपीय संघाच्या राष्ट्रप्रमुखांची बैठक झाली. एका देशाच्या न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या देशाने मान्य करावा, हीच न्यायिक सहकार्याची कोनशिला असे तेथे ठरले. १३ जून २००२ रोजी युरोपीय अटक वॉरंटाचा निर्णय संमत झाला आणि १ जानेवारी २००४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पूर्वी गुन्हेगार सोपविण्याचा निर्णय मंत्री घेत आणि प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत. आता एका देशाच्या न्यायिक अधिकाऱ्याने काढलेले वॉरंट दुसऱ्या देशाच्या न्यायिक अधिकाऱ्याने बजावावयाचे असते. आरोपीने संमती दिली तर दहा दिवसांत आणि न दिली तर साठ दिवसांत निर्णय व्हावा, असा दंडक आहे. अडचण आल्यास आणखी तीस दिवस मिळतात. बत्तीस प्रकारच्या गुन्ह्यांच्या बाबतीत, वॉरंट काढणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला तीन वर्षांची वा त्याहून अधिक कमाल शिक्षा असेल, तर ते कृत्य आपल्याही देशात गुन्हा ठरते की नाही हे बजावणाऱ्या देशाने पाहावयाचे नसते.

या साऱ्याचा आधार एका शब्दात आहे: परस्पर विश्वास. तुझे न्यायालय माझ्या न्यायालयाइतकेच न्यायी आहे, असे मी मानावयाचे. परंतु हुकूम निघाला म्हणून विश्वास उत्पन्न होत नाही. लिस्बनच्या न्यायाधीशाला वॉर्सातील कायद्याची भाषा, तेथील कार्यपद्धती आणि तेथील तुरुंगाची स्थिती यांपैकी काहीच ठाऊक नसेल, तर त्याचा विश्वास आंधळा ठरतो. म्हणूनच शिक्षणाची गरज निर्माण झाली. न्यायाधीश व सरकारी अभियोक्ते यांना शिकविणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचे ‘युरोपीय न्यायिक प्रशिक्षण जाळे’ २००० साली उभे राहिले. त्याचे कार्यालय ब्रुसेल्स येथे आहे. एका देशाचा न्यायाधीश दुसऱ्या देशाच्या न्यायालयात काही दिवस बसतो, तेथील काम पाहतो आणि परत येऊन आपल्या सहकाऱ्यांना सांगतो. हे उत्तम शिक्षण होय.

या कामासाठी युरोपीय संघाचा ‘न्याय कार्यक्रम’ नावाचा स्वतंत्र निधी आहे. २०१४ ते २०२० या सात वर्षांसाठी त्याची रक्कम सुमारे पावणेअडतीस कोटी युरो होती. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी ती साडेतीस कोटी युरो ठरली. आधीच्या रकमेत अमली पदार्थविषयक धोरणाचाही थोडा वाटा होता आणि दरम्यान ब्रिटन संघातून बाहेर पडले, हे मान्य केले तरी न्यायाच्या कामाचा निधी वाढला नाही, घटला, हे स्पष्ट आहे. संघाचा याच सात वर्षांचा एकूण खर्च एक लाख कोटी युरोंहून अधिक आहे. म्हणजे दहा हजार युरोंतील तीन युरोही या कामाच्या वाट्याला येत नाहीत! ज्या परस्पर विश्वासावर एवढा डोलारा उभारला, त्याच्या पायाभरणीला एवढीशीच रक्कम द्यावी, ही कंजूषी नव्हे तर काय?

तरीही आमची मुख्य तक्रार रकमेच्या लहानपणाविषयी नाही. ती वाटणीविषयी आहे.

युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २०२१ ते २०२४ या काळासाठी न्यायिक प्रशिक्षणाचे धोरण जाहीर केले. २०२४ पर्यंत दरवर्षी न्यायाधीश व अभियोक्ते यांच्यापैकी ६५ टक्के लोकांना संघाच्या कायद्याचे शिक्षण मिळावे, असे उद्दिष्ट त्यात होते. आणि वकिलांपैकी किती जणांना? १५ टक्क्यांना. वाचकांनी हे दोन आकडे नीट लक्षात ठेवावेत. न्यायासनावर बसणारा व आरोप करणारा यांच्यासाठी ६५, आणि आरोपीच्या बाजूने उभा राहणाऱ्यासाठी १५! शिवाय प्रशिक्षण जाळ्याला त्याच्या कायम कामासाठी, स्पर्धेत न उतरता, चालू खर्चाचे अनुदान देण्याची सोय नियमातच केलेली आहे. वकिलांच्या संघटनांनाही या निधीतून पैसा मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही; पण तो बहुधा प्रकल्पापुरता मिळतो. प्रकल्प संपला की अनुदान संपते, आणि शिकविणारे व शिकणारे आपापल्या घरी जातात.

न्यायाधीश आणि अभियोक्ता एकाच वर्गात बसून शिकतात, एकाच मेजावर जेवतात, परदेशी सहकाऱ्यांशी ओळखी करून घेतात. अभियोक्त्याला अडचण आली तर परदेशात कोणाला फोन करावा हे त्याला ठाऊक असते. त्याच्या मदतीला हेग येथे युरोजस्ट ही संस्था २००२ पासून आहे. आरोपीच्या वकिलाने कोणाला फोन करावा? त्याचे हेग कोठे आहे?

कायद्याच्या पुस्तकात मात्र आरोपीचे हक्क सुरेख छापलेले आहेत. २०१० च्या निर्देशाने त्याला दुभाषा दिला. २०१२ च्या निर्देशाने त्याला आपले हक्क कळण्याचा हक्क दिला. २०१३ च्या निर्देशाने एक फार मोलाची गोष्ट सांगितली: युरोपीय वॉरंटाखाली पकडलेल्या माणसाला दोन वकील नेमता येतील, एक, तो जेथे पकडला गेला त्या देशात आणि दुसरा, वॉरंट काढणाऱ्या देशात. २०१६ च्या निर्देशाने अशा माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याची तरतूद केली. पण या मदतीचा खर्च ज्या त्या राष्ट्राने सोसावयाचा आहे, आणि डेन्मार्क व आयर्लंड या दोन राष्ट्रांना तर हे शेवटचे दोन निर्देश बंधनकारकच नाहीत. आता सांगा, पकडलेला मजूर पोलीस कोठडीत बसून दूरच्या देशातील वकील कसा शोधणार? त्या देशाची भाषा त्याला येत नाही, तेथे त्याची ओळख नाही आणि त्याच्या हाती साठ दिवस आहेत. हक्क कागदावर आणि वाट अंधारात, अशी ही स्थिती आहे.

याचे फळ काय होते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्रिटन संघात होते तेव्हाची ही गोष्ट आहे. ग्रीसमधील झाकिंथोस बेटावर २००७ साली झालेल्या एका मृत्यूच्या प्रकरणात एका तरुण ब्रिटिश विद्यार्थ्यावर वॉरंट निघाले. आपले जबाब पोलिसांनी बळजबरीने घेतले, असे त्याच्या दोन मित्रांनी सांगितले होते. परंतु हा सारा विचार ग्रीक न्यायालयाने करावयाचा, अशी भूमिका घेऊन ब्रिटिश न्यायालयाने जुलै २००९ मध्ये त्याला पाठविले. परदेशी म्हणून त्याला जामीन मिळाला नाही. अथेन्सच्या कोरिदालोस तुरुंगात वगैरे त्याने जवळजवळ अकरा महिने काढले. जून २०११ मध्ये ग्रीक न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. वॉरंटाने सरहद्द ओलांडली. सत्याला मात्र ती ओलांडण्यास दोन वर्षे लागली! हा मुलगा सुशिक्षित घरातील होता, त्याच्यामागे आईबाप होते, वृत्तपत्रे होती. ज्याच्यामागे कोणीच नाही, त्याचे काय होत असेल याची कल्पना आमच्या वाचकांना सांगावयास नको.

या म्हणण्यावर चार आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा की, वकील हा खाजगी व्यावसायिक आहे. त्याने स्वतःच्या पैशाने शिकावे. श्रीमंत कंपनीच्या वकिलाला हे खुशाल सांगावे. पण सरकारी मदतीच्या यादीवरील वकील, जो गरिबाचा खटला अल्प मेहनतान्यावर चालवितो, तो राज्याचेच कर्तव्य पार पाडीत असतो. अभियोक्त्याला राज्याने शिकवावे आणि राज्यानेच नेमून दिलेल्या बचावाच्या वकिलाला वाऱ्यावर सोडावे, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. वकिलांची संख्या न्यायाधीशांहून कितीतरी अधिक, म्हणून त्यांच्यातील १५ टक्के म्हणजेही मोठी संख्या होते, असे म्हणतात. संख्या मोठी होते, हे खरे. परंतु आरोपीच्या शेजारी सगळे वकील उभे राहत नाहीत. एकच उभा राहतो. तो शिकलेला असण्याचा संभव शंभरात पंधरा आणि समोरचा शिकलेला असण्याचा संभव शंभरात पासष्ट, एवढेच त्या आरोपीपुरते सत्य आहे. सगळे वकील परदेशी वॉरंटांची कामे करीत नाहीत, असेही उत्तर मिळेल. ठीक आहे, मग जे करतात त्यांची यादी करा आणि त्या सर्वांना शिकवा.

तिसरा आक्षेप असा की, कार्यकारी सत्तेच्या पैशाने न्यायाधीशांना शिकविल्यास त्यांचे स्वातंत्र्य धोक्यात येईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच शिक्षणाचा विषय व शिक्षक ठरविण्याचा अधिकार न्यायसंस्थेच्या हाती राहिला पाहिजे. पण भीतीचे उत्तर अज्ञान हे नव्हे. जर्मनीतील ब्रेमेनच्या न्यायालयाने हंगेरी व रुमानिया येथील तुरुंगांतील दाटीविषयी प्रश्न विचारला, तेव्हा लक्झेंबर्ग येथील संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये सांगितले की, माणसाला अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका असेल तर वॉरंटाची अंमलबजावणी पुढे ढकलली पाहिजे. पोलंडमधील न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याविषयी आयर्लंडच्या न्यायालयाने शंका घेतली, तेव्हा त्याच न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये सांगितले की, निःपक्ष सुनावणीच्या हक्काला खरा धोका आहे काय, हे बजावणाऱ्या न्यायाधीशाने तपासले पाहिजे. हे दोन्ही प्रश्न शिकलेल्या आणि निर्भय न्यायाधीशांनी विचारले. अडाणी न्यायाधीश शिक्का मारतो. शहाणा न्यायाधीश प्रश्न विचारतो.

चौथा आक्षेप असा की, न्यायाधीश शहाणा असला म्हणजे पुरे, वकिलाची काय गरज? या भोळेपणाला आम्ही हात जोडतो. तुरुंगातील दाटीचा पुरावा न्यायाधीशासमोर आणून ठेवणारा कोणी तरी लागतो. जे दाखविले गेले नाही ते न्यायाधीशाला दिसत नाही.

रोमा मुलांचाच खटला पाहा. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांसाठी असलेल्या ‘विशेष शाळां’त घालण्यात येत असे. अठरा मुलांनी दाद मागितली. १९९९ साली त्यांच्या देशाच्या घटना न्यायालयाने ती नाकारली. स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालय युरोपीय संघाचे नाही, ते युरोप परिषदेचे आहे. तेथेही २००६ साली पहिला निकाल विरुद्ध गेला. अखेर १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या विस्तारित पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी हा भेदभाव आहे असे ठरविले. एवढी वर्षे हा खटला कोणी लढविला? त्या काळी बुडापेस्ट येथे असलेल्या युरोपीय रोमा हक्क केंद्राने आणि त्याच्याशी जोडलेल्या, निरनिराळ्या देशांतील वकिलांनी. कागद भाषांतरित करणे, शाळांतील मुलांची मोजदाद मांडणे, तीन न्यायासनांसमोर तोच मुद्दा पुनःपुन्हा उभा करणे, ही सारी मेहनत त्यांनी केली. ही गोष्ट एवढेच सिद्ध करते की, वकिलाने सरहद्द ओलांडली म्हणजे दुर्बळालाही न्याय मिळू शकतो. मग ही गोष्ट एखाद्या संस्थेच्या चिकाटीवर का अवलंबून राहावी?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक: शिक्षणाच्या निधीत बचावाच्या वकिलांचा वाटा प्रकल्पागणिक न ठेवता कायम व ठरीव असावा. दोन: जो वर्ग न्यायाधीश व अभियोक्त्यांसाठी भरतो, त्यात सरकारी मदतीच्या यादीवरील वकिलांनाही बसवावे. तीन: न्यायालयातील दुभाष्यांना शिकवावे; कारण आरोपीचे पहिले कान आणि पहिले तोंड दुभाषाच असतो. चार: किती जणांनी वर्गास हजेरी लावली हे मोजून थांबू नये. एकूण विधिव्यावसायिकांपैकी निम्म्यांना शिकविण्याचे जुने उद्दिष्ट मुदतीपूर्वी, २०१७ सालीच, गाठले म्हणून आनंद व्यक्त झाला होता. पण पकडलेल्यांपैकी कितींना दोन्ही देशांत वकील मिळाला, हे मोजल्याशिवाय त्या आनंदाला अर्थ नाही.

आता शेवटचा शब्द आपल्या घरासाठी. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याला पायरी चढण्यावाचून न्याय मिळू शकतो, त्याची ती म्हण आहे, आपली नव्हे. १९७६ साली संविधानात मोफत कायदेविषयक मदतीचा अनुच्छेद ३९-अ आला. त्यावर आधारलेला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो, असे सांगून कोणी भिववील, तर त्याला सांगावे की, १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळण्याची वाट कायद्याने मोकळी केली आहे. आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीचे दार ठोठवावे. मिळालेला वकील आपला खटला वाचून येतो की नाही हे पाहावे, आणि येत नसेल तर लेखी तक्रार करावी.

मोफत वकील म्हणजे भीक नव्हे. तो आपल्याच करांतून उभा राहिलेला आपला हक्क आहे. ब्रुसेल्सच्या तिजोरीला जो प्रश्न आपण आज विचारला, तोच आपल्या जिल्ह्याच्या तिजोरीलाही विचारला पाहिजे: पकडण्यासाठी किती आणि बोलू देण्यासाठी किती? ज्या दिवशी आपल्या वस्तीतील प्रत्येक तरुण-तरुणी हा प्रश्न आकड्यांसह विचारील, त्या दिवशी अनुच्छेद २२ मधील अटक आणि वकील हे दोन शब्द खऱ्या अर्थाने शेजारी येतील.